खोकल्याचा मान

आमच्या घरात खोकल्याचा मान त्यांचा. ते खोकले की दीपमाला टीव्हीचा आवाज बारीक करायची, मी गॅसवर पाणी ठेवायची आणि भिंतीपलीकडून शेजारीण विचारायची, भाऊंना पुन्हा बरं नाही का. मी खोकले तर तो फोडणीचा ठसका. पाच घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला ठसका लागणारच, त्यात काय विचारायचं. मीही तेच म्हणायची.

आमचे हे, म्हणजे बद्रीनाथ, फरशीचे कारागीर. वाशीमकडून पुण्याला आलो तेव्हा दीपमाला कडेवर होती. आधी कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये शहाबादी बसवायचे. मग लोकांना मार्बल पाहिजे झालं. मग बाणेर-हिंजवडीकडे कॉम्प्युटरवाल्यांच्या काचेच्या इमारती उठायला लागल्या आणि ग्रॅनाइट आलं. ग्रॅनाइट यांच्या हाताला बसलं. मशीन धरलं की रेघ चुकायची नाही, हे मी भांडण असलं तरी मान्य करीन. कापताना खरं तर एकानं मशीन धरायचं आणि दुसऱ्यानं पातीवर पाण्याची धार सोडायची. पण पाण्यानं राड होते, ती बसवलेल्या फरशीवर पसरते, डाग पडतात, आणि धार धरायला एक माणूस जास्तीचा लागतो. म्हणून मुकादम हिंमतराव सांगायचा, कोरडं काप. हे तोंडाला गमछा बांधून कोरडंच कापायचे. संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. त्यांचे कपडे भिजवले की बादलीच्या तळाला जाड गाळ बसायचा. तो मी नखानं खरवडून मोरीत टाकायची.

त्यांना दर थोड्या दिवसांनी छातीचं निघायचं. पाऊस आला की ताप, थंडी पडली की ताप, कुणी शेजारी शिंकला तरी यांना ताप. ताप असला की पिवळं घट्ट पडायचं, ताप उतरला की नुसता कोरडा खोकला, लाकूड घासल्यासारखा. खालच्या चौकातला डॉक्टर इंजेक्शन द्यायचा, गोळ्या द्यायचा आणि म्हणायचा, "छातीत इन्फेक्शन आहे. हवा बदलली की होतं. एकदा फोटो काढून घ्या." गोळ्या हे घ्यायचे. फोटोचं ऐकलं नाही असं करायचे.

आम्ही सुतारदऱ्याला राहतो. दरा नाव असलं तरी सगळी वस्ती टेकडीच्या अंगावर चढलेली आहे आणि आमची खोली पार वरच्या अंगाला. पूर्वी हे सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन एका दमात वर यायचे. हे सगळं झालं त्या वर्षी वाटेतल्या गणपती मंडळाच्या कट्ट्यावर बसायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चप्पल चावून राह्यली." रोज चप्पल चावायची.

त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांचा थोरला भाऊ, दशरथ, गावाकडे टीबीनं गेला. शेवटी शेवटी त्याची खाट गोठ्यात टाकली होती, त्याचं ताट वेगळं, गडू वेगळा, आणि तो गेल्यावर त्याची गोधडी, चप्पल, सगळं सासऱ्यांनी नाल्याकाठी जाळलं. हे तेव्हा शाळेत होते. त्या रोगाचं नाव ते तोंडातून काढायचे नाहीत, 'ते' म्हणायचे. रोज सकाळी मोरीत खाकरायचे आणि मला हाक मारायचे.

"कौशे, पाय बरं. लाल हाये का?"

मी कणीक मळायची सोडून जायची, वाकून बघायची. "नाई वो. पांढरंच हाये."

"नीट पाय."

मी नीट बघायची. नवऱ्याची थुंकी रोज सकाळी नीट बघणारी बाई सुतारदऱ्यात मी एकटीच असेन. माझी मी कधी बघितली नाही. मोरीत पाणी ओतलं की झालं, कामाला उशीर व्हायचा.

बाणेर रस्त्याला एका मोठ्या कामावर एकदा कंपनीचे साहेब लोक बघायला आले. नेमके तेव्हाच यांना खोकल्याची उबळ आली. हातातलं मशीन खाली ठेवून खांबाला धरून खोकत राहिले. साहेबांतल्या एकानं नाकाला रुमाल लावला आणि हिंमतरावाला काहीतरी इंग्रजीत बोलला. हिंमतराव मुळशीकडचा, त्याला इंग्रजी किती कळलं देव जाणे, पण रुमाल कळला. दुसऱ्या दिवशी त्यानं यांना गेटवरच धरलं. मी डबा द्यायला गेले होते म्हणून माझ्या कानानं ऐकलं.

"बद्री, माझं काय म्हणणं न्हाई. पण तुला टीबी हाय असं पोरं बोलत्यात. सरकारी दवाखान्यात जा, थुकी तपास, न्हाई म्हणून कागद आण. मग ये कामाला. तोवर नको."

"टीबी कायची, मुकादम? धुळीनं व्हते."

"धूळ सगळ्यांनाच हाय. बाकीचे खोकत्यात का?" बाकीचे खोकतच होते, मागं आवाज येत होता. हिंमतरावानं तिकडं मान वळवली नाही.

महापालिकेच्या दवाखान्यात टीबीच्या खिडकीवर हिरा सिस्टर होत्या. बुटक्या, चष्मा दोरीनं गळ्यात, बोलायला चटपटीत. त्यांनी एक प्लास्टिकची डबी दिली. "थुंकी नकोय मला, बेडका पाहिजे. छातीतून खाकरून काढा. इथे नाही, मागे मोकळ्या हवेत जा."

हे मागे गेले. बराच वेळ नुसता घासल्यासारखा खोकला ऐकू येत होता. परत आले ते रिकामी डबी घेऊन. त्या आठवड्यात ताप नव्हता, त्यामुळे काही पडत नव्हतं.

"नाही येत? मग उद्या सकाळची आणा," सिस्टर म्हणाल्या. "उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, पहिली. आणि नळाचं पाणी भरून आणू नका, आम्हाला कळतं."

सकाळी दीपमाला पाणी भरायला खालच्या नळावर गेली तसं यांनी दार लोटून घेतलं. मी नुकती उठून केस बांधत होते. त्यांनी डबी माझ्यापुढे धरली.

"थुक."

"मी काऊन थुकू?"

"तू धडधाकट हायेस. तुयी चांगली निंघन. कागद भेटन, हिंमतरावाचं तोंड बंद व्हईन."

"आन् तुमच्या छातीत काय हाये ते कसं कळन?"

"ते पाहू मंग. आधी काम तं टिकू दे." मग जरा हळू म्हणाले, "मले भेव वाटते, कौशे."

धडधाकट. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं केलेलं हे एकच कौतुक. मला राग आला होता, पण ते डबी धरून उभेच होते. मी डबी घेतली. मला फार खाकरावंही लागलं नाही. दिवाळीपासून सकाळी सकाळी येतच होतं. घट्ट आलं, पिवळट. त्यांनी झाकण लावताना डबी उजेडात धरली आणि म्हणाले, "हे तं भरपूर हाये." नमुना चांगला आला म्हणून खूश झाले.

कागद आणायला दोघं गेलो. हिरा सिस्टरनी यांना खुर्ची दिली. सरकारी दवाखान्यात खुर्ची दिली तेव्हाच मी ओळखलं.

"बद्रीनाथ, टीबी निघालाय. घाबरायचं काही कारण नाही. सहा महिने औषध घेतलं की पूर्ण बरा होतो. औषध फुकट आहे, पण इथे माझ्यासमोर घ्यायचं, एक दिवसाआड. मध्ये सोडायचं नाही."

त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढे दिवस ज्याला घाबरून आमच्या घरात माणसं कुजबुजत बोलत होती, ते माझ्या छातीत निघालं होतं, आणि खुर्चीत बसले होते हे.

सिस्टरनी विचारलं, "घरात आणखी कुणाला खोकला?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "नाई." मी पदर तोंडाशी धरून उभी होते. तेवढ्यात उबळ आली तर काय करायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

बाहेर पडलो. कोथरूड डेपोसमोर गाडीवर त्यांनी वडापाव घेतला, एक खाल्ला, आणखी एक घेतला. वर चहा मागवला. कित्येक महिन्यांत त्यांना एवढी भूक लागलेली मी बघितली नव्हती.

"पायलं ना तू? माह्यं नाई ते."

"तुमचं तपासलंच कुठं?"

"तपासाची गरजच नाई. घरात येक होतं, ते तुयं निंघालं. माह्यं मंग साधं इन्फेक्शन. तो खालचा डॉक्टर बी तेच म्हनते." चहा फुंकून प्यायले आणि खरंच हसले. "सुटलो, कौशे."

"आन् मी?"

तेव्हा कुठे त्यांचा घास थांबला.  मी म्हणाले, आत्ता परत जाऊ, सिस्टरला खरं सांगू, रागावल्या तर रागावू दे. ते म्हणाले, "सांगतलं तं तुयी पाचही घरं जातीन. टीबीवालीच्या हातच्या पोळ्या कोन खाईन? आन् ते माह्यी थुंकी पुन्हा मागतीन." पाच घरांचं ते मोठ्यानं बोलले, थुंकीचं हळू. माझा संताप झाला. पण घरं जातील हे खोटं नव्हतं, आणि तेवढ्यानंच माझं तोंड बंद झालं.

"गोळ्या मी आनून देतो तुले," ते म्हणाले. "बरी व्हशीन."

गोळ्या त्यांनी आणल्या, ते कबूल करायला पाहिजे. कशा आणल्या ते सांगते. हिरा सिस्टर समोर बसवून गोळ्या तोंडात टाकायला लावायच्या, वर पाणी. पण तंबाखूचा बार गालात धरून दिवसभर मुकादमाशी बोलायची यांची जन्माची सवय. गोळ्या गालात, पाणी घशात, वर सिस्टरशी दोन शब्द. तोंड उघडून दाखवा म्हटलं तर जीभ उचलून दाखवायचे. मग दवाखान्याच्या भिंतीआड येऊन रुमालात. लाल कॅप्सूलचा रंग रुमालाला लागायचा. घरी आणून मला द्यायचे, ओलसर, चिकट, वर तंबाखूचा वास. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. दुसऱ्या खेपेला मी नाक दाबून गिळल्या. पुढं पुढं सवय झाली. माझी थुंकी त्यांच्या नावानं गेली होती, आता त्यांच्या थुंकीतली गोळी माझ्या पोटात जात होती. लग्नात भटजींनी एकमेकांना घास भरवायला लावला होता, त्याची मला आठवण व्हायची आणि हसूही यायचं, चांगलं हसू नव्हे.

लाल कॅप्सूलनं लघवी लाल होते. मी घाबरून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं सांगतलंस. सिस्टर इचारतच व्हती, लाल होते का म्हनून."

वस्तीत बातमी पसरली की बद्रीभाऊंना टीबी आहे. जी गोष्ट लपवायची होती ती पसरलीच, फक्त माणूस बदलला. कामावरून तर त्यांना हिंमतरावानं कागद यायच्या आधीच घरी बसवलं होतं. दीपमालानं कुठंतरी ऐकलं की टीबीच्या माणसाला अंडी लागतात. ती तेव्हा बारावी होऊन कॉल सेंटरच्या नोकरीसाठी इंग्रजी बोलायच्या क्लासला जात होती आणि सकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. स्वतःच्या पैशानं अंडी आणून उकडायची, सोलून बापाच्या ताटात ठेवायची, आणि समोर बसून आरशात बघून "हाऊ मे आय हेल्प यू" म्हणत राहायची. हे अंडी खायचे. "पोरीनं आनली, नाई कसं म्हनू," असं मला म्हणायचे. मी उभ्यानं चहाबरोबर शिळी पोळी खायची आणि टेकडी उतरून कामाला जायची. ज्याला टीबी त्याला चढ-उतार करायला सांगू नका, असं सिस्टरनी सांगितलं होतं. म्हणून हे घरी असायचे.

एकदाच, दीपमाला दाराबाहेर गेल्यावर, त्यांनी ताटाखाली दाबून ठेवलेलं अर्धं अंडं माझ्याकडे सरकवलं.  मी ते खाल्लं. गार झालं होतं.

माझ्या पाच घरांत श्यामलाताईंचं घर जुनं. डहाणूकर कॉलनीत, नवरा-बायको दोघंच, मुलगा वेगळा राहायचा, त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. माझा खोकला जगात पहिल्यांदा कुणी ऐकला असेल तर त्यांनी. दिवाळीनंतरच म्हणाल्या होत्या, "कौशल्या, खोकायचं असेल तर गॅलरीत जा. आमटी पुरेशी तिखट असते." वर असंही म्हणाल्या होत्या की दाखव कुणाला तरी, बाई. मी फोडणीवर ढकललं होतं. औषध सुरू झाल्यावर माझा खोकला कमी होत गेला तेव्हा त्यांनी तेही टिपलं. "फोडणी सुधारली वाटतं," म्हणाल्या.

मग त्यांच्या कानावर आलं. कुठून आलं माहीत नाही, खालचा वॉचमन आमच्याच वस्तीतला. त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात जाऊच दिलं नाही. बाहेरच्या खोलीत पंखा लावून बसवलं, पाण्याचा पेला मात्र दिला नाही.

"तुझ्या यजमानांना टीबी आहे म्हणे."

"औषध चालू आहे, ताई."

"चांगलं आहे. बरे होतील. पण आमच्याकडे सौमित्र त्याच्या लहान मुलीला घेऊन येतो दर रविवारी. तू समजूतदार आहेस, मला फोड करून सांगायला लावू नकोस."

मी त्यांच्या स्वच्छ फरशीकडे बघत होते. आमच्या यांनीच बसवली होती ती, मीच काम मिळवून दिलं होतं. माझ्या तोंडाशी आलं की ताई, त्यांचा नाही, माझा आहे, आणि तुम्ही दिवाळीपासून माझ्याच हातचं खाताय. पण बोलून माझं गेलेलं घर परत येणार नव्हतं. आठवड्यात आणखी दोन घरं गेली. म्हणजे घरं वाचावीत म्हणून जे लपवलं त्याच्यापायीच घरं गेली. हे मी यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लोकच तसे." लोक तसेच. आणि आपण कसे, ते त्यांनी विचारलं नाही.

मी बरी होत होते. अंगाला मांस धरायला लागलं, घाम यायचा थांबला, टेकडी चढताना छातीत टोचायचं ते गेलं. दवाखान्यात वजन मात्र यांचं व्हायचं, आणि काटा खाली चालला होता. हिरा सिस्टर चिडायच्या. "औषधानं वजन वाढतं हो माणसाचं. तुम्ही जेवता की उपास करता?" हे म्हणायचे, जेवतो ना, अंडी बी खातो. ते खरंच खात होते, म्हणून सिस्टर आणखी बुचकळ्यात पडायच्या. डॉक्टरांना भेटा, छातीचा फोटो काढू, म्हणाल्या. यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दारानं बाहेर आले.

दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासायची होती. सकाळी डबी पुन्हा माझ्यासमोर आली. या वेळी मी वाद घातला नाही. माझी मलाच हौस होती, मी बरी झाले का ते बघायची. कागद स्वच्छ आला. सिस्टरनी यांची पाठ थोपटली. "शाब्बास. असे पेशंट पाहिजेत." पुढच्या गोळ्या आठवड्याच्या आठवड्याला घरी न्यायला मिळू लागल्या, कोरड्या, चांदीच्या कागदात. मला त्याचंच सुख वाटलं.

हे तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून हिंमतरावाकडे घेऊन गेले. मी म्हटलं, जाऊ नका, तुमची छाती अजून वाजते. म्हणाले, "कागद साफ हाये ना. मंग?" त्यांना आता खरंच वाटत होतं की तो कागद त्यांचा आहे.

हिंमतरावानं त्यांना घेतलं. बाणेरचं काम संपून दुसरं चालू होतं, सहा मजली, आत जिन्याला सगळं काळं ग्रॅनाइट. मी डबा घेऊन गेले तर वरच्या मजल्यावर पांढरा धूर भरलेला. त्या धुरात मशीनचा आवाज आणि मधून मधून खोकला. हे भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, मांडीशी फरशी धरून कापत होते, कारण उभ्यानं दम पुरत नव्हता. गमछा ओला झाला होता आणि तोंडाशी त्याचा चिखल झाला होता. मी कोपऱ्यातली पाण्याची बाटली उचलली आणि पातीवर धार धरली. धूळ बसली. त्यांनी मशीन बंद केलं.

"काय करून राह्यली? डाग पडन."

"पडू द्या."

खालून हिंमतराव ओरडला, पाणी कोण सांडतंय वर. त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. बायकोसमोर ओरडा खाल्ल्याचा राग मशीनवर काढत पुन्हा कोरडंच कापायला लागले.

सहा महिने पुरे झाले. शेवटची थुंकीही मीच दिली, तीही साफ निघाली, आणि बद्रीनाथ टीबीतून बरे झाले. सिस्टरनी दवाखान्यातल्या कार्यक्रमात त्यांना गुलाबाचं फूल दिलं. ते फूल घेऊन ते टेकडी चढले. मंडळाच्या कट्ट्यावर बसले, मग वरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसले, मग आमच्याच दारात बसले. ओठ निळे पडले होते. चप्पल चावते असं त्या दिवशी म्हणाले नाहीत.

पुढच्या थंडीत ताप आला आणि उतरेना, आणि या खेपेला तापातही खोकला कोरडाच राहिला. खालच्या डॉक्टरनं हात वर केले. मी त्यांना दवाखान्यात नेलं, रिक्षातून, कारण उतरणंही होत नव्हतं. नवीन डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"टीबी बरा झालाय म्हणता. मग हे काय वाजतंय? काम काय करता?"

"ग्रॅनाइट कापतो, मॅडम."

"पाण्यात की कोरडं?"

मीच सांगितलं, "कोरडं. कायमच कोरडं."

डॉक्टरबाईंनी मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायला लिहून दिलं. मग खुर्ची जवळ ओढून सावकाश बोलल्या. दगडाची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. फुफ्फुसच दगड होत जातं. त्याला औषध नाही, नुसतं काम बंद करायचं आणि आहे तेवढं सांभाळायचं. "तेच आहे असं मी आत्ता म्हणत नाही, फोटोत कळेल. टीबी उलटला असेल तर मात्र त्याला औषध आहे. म्हणून उद्या सकाळची थुंकी आणा." आणि त्यांनी डबी दिली.

 सकाळी मी उठले तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेलेच होते. दीपमाला कॉल सेंटरच्या रात्रपाळीहून अजून आली नव्हती. त्यांनी झाकण काढून डबी माझ्यापुढे धरली, पूर्वीसारखीच.

"थुक."

"आता काऊन? आता कोनाले कागद दाखवाचा हाये?"

"टीबीले गोळ्या असते, कौशे. धुळीले नाई." ते दोन शब्दांमध्ये श्वास घेत होते. "तुयीत पयल्या वेळी निंघालं व्हतं. पुन्हा निंघन. थुक. मी घेईन गोळ्या. या खेपेला मी गिळीन."

ज्या रोगाच्या नावानं हा माणूस जन्मभर भ्यायला, तो आता माझ्याकडे मागत होता. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी ओरडेन, सगळं बोलून घेईन, गालातल्या गोळ्या, अंडी, श्यामलाताईंचा न दिलेला पाण्याचा पेला.  मी डबी घेतली आणि त्यांच्या हातात परत ठेवली.

"मी बरी झाली," मी म्हटलं. "माह्या थुंकीत आता तुमच्यासाठी काई निंघनार नाई. तुमी थुका."

त्यांनी डबी ओठाला लावली. खोकले. पाठीची हाडं हलत होती, मी एक हात पाठीवर ठेवला. पुन्हा खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, मान लटपटली. खाली नळावर बायकांची भांडणं सुरू झाली, उजाडलं, तरी ते खोकतच होते. शेवटी त्यांनी डबी खाली केली आणि माझ्याकडे सरकवली.

"पाय बरं," म्हणाले. "काई हाये का?"

मी नीट बघितलं. डबी कोरडी होती.